लॅबवाले नागनाथकाका

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात आपला माणूस रशियाच्या अग्निबाणात बसून वर गेला, तेव्हा आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रेडिओ ठेवला होता. दिवस मावळायची वेळ. अग्निबाण सुटल्याचं सांगितलं तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी म्हणालं, "आरं, त्या लॅबवाल्याला बोलवा. कुठून दिसंल ते त्यालाच ठावं." दोघे जण नागनाथकाकांच्या घरी गेले. काका दारात बसून कासरा वळत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मला दिसत न्हाई आता."

डोळे चांगले ठणठणीत होते त्यांचे. कंदिलाच्या उजेडात तुरीतला खडा वेचणारा माणूस तो. ओट्यावर निरोप आला तेव्हा लोक हसले, म्हातारं रुसलंय म्हणाले. मी पाडव्याच्या सुट्टीला घरी आले होते, ओट्याच्या कडेला उभी होते. ते हसणं ऐकून माझं डोकं फिरलं. बोलून उपयोग नव्हता. गावाला विसरायला पाच वर्षं पुष्कळ होतात.

आमचं गाव बोरीपासून आत, ओढ्याच्या काठाला. माझे वडील, बन्सीधर गुरुजी, तिथल्या शाळेवर होते आणि आमच्या भिंतीला भिंत लागून नागनाथकाकांचं घर होतं. काकांची शेती म्हणजे माळाचा एक तुकडा, त्यात ज्वारी आणि थोडी कपाशी. गावची बैठक बसली की काका दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसायचे. त्यांना तिथं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं आणि तिथून उठून आत या असंही कधी कुणी म्हटलं नव्हतं. बैठकीत त्यांनी तोंड उघडलं तर मधेच दुसरा बोलायला लागायचा. कडूबाई, त्यांची बायको, म्हणायची, "अवं, तुमाला कोन इचारतंय? घरी बसा की." तरी हे आपले दरवेळी जायचे.

या माणसाला आकाशाचं वेड लागलं ते एका सरकारी गाडीमुळं. एका उन्हाळ्यात बोरीच्या बाजाराच्या मैदानावर पांढरा पडदा बांधून फुकटचा सिनेमा दाखवला. अमेरिकेचा अग्निबाण, त्याच्या टोकाला बसलेली तीन माणसं, खालून धुराचा लोट, आणि वर त्यांची वाट बघत फिरणारं रिकामं घर. स्कायलॅब म्हणतात ते. ती माणसं तिथं जाऊन राहिली, जेवली, झोपली. बाकीचे लोक कुटुंबनियोजनाच्या चित्रापर्यंत थांबून घरी आले. काका दुसऱ्या दिवशी त्या गाडीच्या मागं मागं पुढच्या गावाला गेले, पुन्हा तोच सिनेमा बघायला. कडूबाईनं दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

पुढं औरंगाबादच्या पेपरात आलं की हे घर नुसत्या डोळ्यांनी दिसतं. वडिलांनी ते काकांना वाचून दाखवलं. झालं. उन्हाळ्यात आम्ही सगळेच माळवदावर झोपायचो. दिवेलागण झाली की काका त्यांच्या माळवदावर उभे राहायचे, तोंड जिंतूरच्या बाजूला. सुरुवातीला त्यांनी चार वेळा आम्हाला विमानच दाखवलं. लाल दिवा लुकलुकतोय आणि हे म्हणतायत तीन माणसांचं घर. काकांची कमल आणि मी हसून हसून लोळायचो. पण एक दिवस खरंच दिसलं. न लुकलुकता, आवाज न करता, एक मोठी चांदणी चालत निघाली आणि डोक्यावरून जाऊन विझली. काका हळू आवाजात म्हणाले, "आता त्यात कुनी न्हाई. मोकळंच फिरायलंय."

कमल त्यांची एकुलती एक. माझ्याच वयाची, माझी जिवाभावाची. माझं शिक्षण चाललं म्हणून मी परभणीला गेले, आणि तिचं लग्न वालूरला झालं. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि तिच्यासाठी मीही सुट्टी संपल्यावर घरीच राहिले. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला, पण बडबड तीच. माळवदावर पडून ती बापाला विचारायची, "बा, माज्या लेकराला दाखवशील का लॅब?" काका म्हणायचे, "तुजं लेकरू येईस्तोवर ऱ्हातीया का ती, त्येच बघायचं." तोवर बातम्या यायला लागल्या होत्या की ते घर खाली पडणार आहे.

आणि इथून गाव पिसाळलं. खरं सांगायचं तर घाबरायला आमच्या गावाला आकाशातून काही पडायची गरज नव्हती. मागच्याच वर्षी, नामांतराच्या दंगलीत, वेशीबाहेरच्या वस्तीतली घरं पेटली होती. पेटवणारे कुणी परके नव्हते, सगळ्यांना सगळ्यांची नावं माहीत होती. वस्तीतली निम्मी माणसं परभणीला निघून गेली, उरली त्यांनी गावाशी बोलणं टाकलं. त्यावर वर्षभर कुणी चकार शब्द काढला नाही. मग लॅब पडणार म्हटल्यावर बाया पाणवठ्यावर कुजबुजायला लागल्या की केलेलं डोक्यावर येतंय. कुणी कोंबड्या कापून खाल्ल्या, कुणी पेरणीच केली नाही. वडिलांनी पाराजवळ उभं राहून सांगितलं की पृथ्वीवर तीन हिस्से समुद्र आहे, पडलं तर तिथं पडेल. एक जण म्हणाला, "गुरुजी, समिंदर तुमच्या पुस्तकात. हितं तर समदी जमीनच हाय."

आषाढात आमच्याकडे मरीआईचा गाडा निघतो. लाकडाचा लहान गाडा, त्यात देवी, लिंबाचा पाला, बांगड्या, दहीभात. गावात आलेलं दुखणं त्या गाड्यात घालायचं आणि शिवेच्या पलीकडे नेऊन सोडायचं. मग पुढच्या गावानं बघावं. गाडा गेला की शीव बांधायची. म्हणजे झाडाझाडांना पांढरा दोरा गुंडाळत गावाला वेढा घालायचा, दुधाची धार सोडायची, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत आतलं माणूस बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. दोरा तुटला तर सोडलेलं सगळं माघारी येतं. पटकीसाठी हे करायचे. या वर्षी ठरलं की लॅबसाठी करायचं.

बैठक बसली. आबासाहेब आमचे पोलीस पाटील, मोठे जमीनदार. त्यांनी दाराकडं बघून हाक मारली, "नागनाथ, असा म्होरं ये. तिथं कशाला बसलास?" काका उठून पुढं गेले. वडील तिथं होते, त्यांनीच मला हे सांगितलं. आबासाहेबांनी विचारलं, "तू रोज बघतोस त्याला. कवा पडायचं ते सांग." काकांनी रेडिओवरचं सांगितलं, बुधवार. मग विचारलं, "शीव बांधून भागंल का?"

आता इथं एक गोष्ट मी काकांच्या बाजूनं बोलणार नाही. त्यांना माहीत होतं की दोऱ्यानं काही होत नाही. माळवदावर तेच आम्हाला सांगायचे की ते इतकं उंच आहे, इतकं जोरात जातंय की त्याला आपलं गाव दिसतसुद्धा नाही. पण पहिल्यांदा गावानं त्यांना पुढं बसवलं होतं. पहिल्यांदा ते बोलत असताना सगळे गप्प होते. ते म्हणाले, "बांधा. बांधायला काय जातंय?"

मग प्रश्न आला गाडा ओढायचा कुणी. पिढ्यानपिढ्या ते काम गावानं वस्तीच्या गळ्यात घातलेलं. वस्ती तर आता हात लावणार नव्हती आणि तिकडे जाऊन बोलायचं तोंडही कुणाला नव्हतं. गावातल्या एकाही तरण्याला ते ओढायचं नव्हतं, कमीपणा वाटत होता. आबासाहेब म्हणाले, "नागनाथच वढील की. त्याच्याइतकी वळख कुनाची हाय त्या लॅबशी?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्याला कुणी शिवायला तयार नव्हतं ते ओझं त्यांच्या खांद्यावर आलं, आणि काका घरी आले ते मान मिळाल्यासारखे. दारातूनच त्यांनी कडूबाईला सांगितलं. कडूबाई म्हणाली, "पोर दिवसांत आलीया आन्‌ तुमी गाडे वढा." त्यांना ऐकूच गेलं नाही.

दोन दिवस ते सुतारासोबत बसले. डालड्याचा डबा, त्याला बाजूनं पत्र्याच्या पट्ट्या, सिनेमात पाहिल्या तशा पंख्याच्या पात्यांसारख्या. गाड्यात देवीच्या पायाशी ती लॅब ठेवायची होती. एक पाती वाकडी बसली तर त्यांनी ती उखडून पुन्हा ठोकायला लावली. कमलला दाखवायला आणली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "बा, ह्यात तीन मान्सं मावतील व्हय?"

मंगळवारी संध्याकाळी तिच्या कळा सुरू झाल्या. बायनाबाई आमच्या गावची सुईण, तिच्या हातावर अर्धा गाव जन्मलेला. ती म्हणाली, पहिलटकरीण आहे, वेळ लागेल. बुधवारी सकाळी काका अंघोळ करून ओल्या धोतरानं निघाले. दारातून त्यांनी आत पाहिलं. कमल भिंतीला टेकून बसली होती, मी तिची पाठ चोळत होते. ती म्हणाली, "जा तू. मी हाय की." ओढणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं, म्हणून ते नंतर वळले नाहीत. हलगी वाजत गेली.

गाडा शिवेपलीकडं सोडून, मागं शीव बांधून काका परत आले तेव्हा उन्हं वर आली होती, आणि त्या वेळेपर्यंत घराची दशा झाली होती. बायनाबाई बाहेर येऊन हात धूत होती. ती सरळ म्हणाली, "पोर आडवं हाय. हात भाईर आलाय. ह्ये माज्या हातचं न्हाई, नागनाथ. बोरीच्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

काकांनी बैल जुंपले. गाडीत कडबा, त्यावर गोधडी. कमलला आम्ही तिघींनी उचलून ठेवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, कडूबाई पायाशी. पाऊस उघडला होता पण वाट चिखलाची, प्रत्येक हिसक्याला ती ओठ चावायची. ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं, लोकांना ऐकू तरी गेलं असतं.

ओढ्याजवळ शीव. दोन लिंबांच्या मधे दोरा आडवा गेलेला, छातीइतक्या उंचीवर. खाली दुधाचा ओला पट्टा. तिथं राखणीला गावची माणसं बसली होती. गाडी बघताच ती उठली आणि दोघांनी बैलांच्या वेसणी धरल्या.

काका खाली उतरले. म्हणाले, "सोडा. पोर आडलीया."

"उद्या सकाळी," एक जण म्हणाला. "बांधलीया शीव."

"उद्यापत्तुर ऱ्हायची न्हाई ती."

कुणीतरी आबासाहेबांना बोलवायला गेलं. ते येईपर्यंत कडूबाई गाडीतून उतरून एकेकाच्या पाया पडली. ज्यांच्या पाया पडली त्यातले दोघे नात्यानं तिचे दीर लागत होते. त्यांनी पाय मागं घेतले आणि दुसरीकडं पाहिलं. माझे वडील धावत आले. ते म्हणाले, "अहो, हे अमानुष आहे." त्यांना कुणीतरी दंडाला धरून बाजूला नेलं, अगदी आदरानं. "गुरुजी, तुमी शाळा सांबाळा." आणि माझे वडील बाजूला उभे राहिले. त्यांचाही मला राग आहे. अजून आहे.

आबासाहेब आले. वाईट माणूस नव्हता तो, हेच तर अवघड आहे. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. मग ते काकांना म्हणाले, "नागनाथ, गाडा तू वढलास. ज्यानं वढला त्याच्याच घरचं मानूस भाईर पडलं, तर त्ये माघारी कुनावर येईल? समद्या गावावर. लेकरंबाळं हायती गावात."

"आबासाहेब, दोऱ्यानं काय बी व्हत न्हाई," काका म्हणाले. "म्या तुमाला लबाड सांगितलं. त्ये लय उच हाय. त्येला आपला दोरा ठावं न्हाई."

"तवा का न्हाई बोललास?"

सगळा गाव त्यांच्याकडे बघत होता, आणि त्यांचं ऐकत होता, बैठकीत ऐकलं होतं तसंच. पण आता त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. पोरीसाठी खोटं बोलतोय असंच सगळ्यांना वाटलं. "बांधा" म्हणालेला नागनाथ खरा, आणि "सोडा" म्हणणारा नागनाथ घाबरलेला बाप.

मग त्यांनी बैलांना चाबूक मारला. जन्मात त्यांनी बैलावर हात उचलला नव्हता. बैल पुढं झेपावले, माणसांनी वेसणी ओढल्या, एका बैलाचं नाक फाटून रक्त आलं. गाडी हिसडली आणि कमलनं एकदाच "बा" म्हणून हाक मारली. ती हाक ऐकून काका थांबले. तेवढ्यात लोकांनी जू उचलून बैल सोडवले आणि गाडी तिथंच, दोऱ्यापासून हाताच्या अंतरावर, दांड्या टेकवून उभी राहिली.

दुपार तिथंच गेली. बायनाबाई पळत आली, तिनं होतं नव्हतं ते केलं. लेकरू निघालं ते निळं पडलेलं, मुलगा होता. त्यानंतर रक्त थांबेना. आम्ही लुगडी फाडून लावली, मी माझी ओढणी लावली, कडबा भिजून खाली थेंब पडायला लागले. कमलचा हात माझ्या हातात होता, तो गार होत गेला. ती मधेच मला म्हणाली, "पद्मे, थंडी वाजायलीय गं." मी तिच्या अंगावर पडले, ऊब द्यायला. काका चाकाला पाठ लावून बसले होते. राखणीची माणसं जरा लांब, पाठ करून उभी होती. उन्हं कलायच्या आधी कमल गेली.

कडूबाईचा टाहो ऐकून सगळे धावले. आता त्यांना धावता आलं. आबासाहेबांनी डोक्याचा पटका काढला. ते रडले, मी पाहिलं. मग त्यांनी भराभर हुकूम सोडले. एकाला सायकल देऊन वालूरला सांगावा धाडला, तो दोऱ्याखालून वाकून निघून गेला. बोरीच्या दवाखान्यावरूनच त्याची वाट होती. दोघे बांबू आणायला गेले. गेलेली बाळंतीण रात्रभर ठेवत नाहीत, दिवस बुडायच्या आत सगळं उरकायला हवं होतं, आणि आमचं मसणवट ओढ्याच्या पलीकडं, शिवेबाहेर. कुणीतरी बिचकत विचारलं, "आन्‌ दोरा?"

आबासाहेब म्हणाले, "मयताला बंदी नसती."

तिरडी निघाली. दोऱ्यापाशी आल्यावर दोन माणसांनी लांब काठ्यांनी दोरा वर उचलून धरला. खांदेकरी जरासे वाकले आणि पलीकडं गेले. मागून लेकराचं गाठोडं घेऊन एक जण गेला. मग काका, हातात विस्तवाचं मडकं. दोऱ्याखालून जाताना ते थांबले आणि त्यांनी मान वर करून त्या काठ्यांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मागच्या माणसानं त्यांना हळूच पुढं लोटलं.

गुरुवारी सकाळी रेडिओवर आलं की लॅब रात्रीच पडली, समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात, कुणाला काही इजा नाही. गावात हलगी वाजली. लोकांनी दोरा सोडला, त्याचे तुकडे करून पोरांच्या मनगटाला बांधले. मग आबासाहेब चार माणसं घेऊन काकांच्या घरी आले. हातात नारळ होता. मी कडूबाईला धरून बसले होते, कालपासून तिनं पाणी घेतलं नव्हतं. काका दारात बसले होते, आणि पहिल्यांदाच आबासाहेब त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"नागनाथ, तुजी लेक गेली, त्ये दुख मोटं हाय," आबासाहेब म्हणाले. "पर तुज्यामुळं गाव वाचलं. गाव तुला इसरनार न्हाई."

काकांनी नारळ हातात घेतला, बाजूला ठेवला. आवाज अगदी साधा होता, बी-बियाणाची चौकशी करावी तसा.

"काल तिरडी गेली तवा दोरा तुटला का?"

"न्हाई. काठीनं उचलला की."

"मग सकाळीच सांगायचं व्हतं, आबासाहेब," काका म्हणाले. "जितीच तिरडीवर निजवून आनली असती."